एकशे पंधरा टक्के

पावशेर? कार्बोनेट पावशेर? अगं पोरी, हे काय जिरं-मोहरी हाय व्हय पुडीत बांधून द्यायला? गोणीनं न्हेत्यात माणसं. बेदाण्याचा हंगाम तोंडावर आलाय, द्राक्षं बुडवून वाळवायला लोक ट्रॉली लावून गोण्या भरून न्हेत्यात, अन् तू पावशेर मागतीस. थांब, थांब, ती पिशवी बघू तुझी — काय हाय आत? बरणी? काचेची? धुऊन, पुसून, वाळवून आणलीस — अन् वर कागद चिकटवायला जागा बी ठेवलीस. असली बरणी मी एकाच माणसाच्या हातात बघितलीय. खतांच्या तपासणीचा साहेब आलता तवा, नमुना न्यायला. तुला कुणी शिकवलं गं बरणी आणायला? अन् त्यो मोबाईल. त्यो आधी हितं काउंटरवर ठेव. उताणा ठेव. बंद हाय का चालू हाय? मला काय कळतंय, हल्ली बंद दिसणारे बी चालू असत्यात. समोरच्या भरतेशनं पाठवलं का तुला? खरं सांग, मी रागवायचा न्हाई. समोर बसून दिवसभर माझ्या दारातल्या गाड्या मोजतो गडी, त्याच्या दुकानात कुत्रं फिरकंना. गेल्या महिन्यात एकाला असंच पाठवलं हुतं, भाव काढायला. मी भाव सांगितला, चहा पाजला, अन् जाताना म्हणालो, भरतेशला नमस्कार सांगा. असा चेहरा झाला हुता त्याचा!

काय? — काय म्हणालीस? गृहपाठ?

कशाचा? केमिस्ट्रीचा? अगं मग आधी सांगायचं की! मी आपला बसलोय बरण्या बघत. बस, बस. गोणीवर नको, त्या स्टुलावर बस. तू भूपालअण्णाची कस्तुरी न्हवं? अकरावीला गेलीस व्हय, सायन्सला? परवा तर आईच्या कडंवर हुतीस. एकटीच आलीस? — आई गिरणीत. बरं. दळण हुईस्तोवर बस मग हितं, पंखा लावतो. ते वर बघ, भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी. वाचता येतंय? बी.एस्सी., केमिस्ट्री. साताऱ्याला शिकलोय मी. लोक म्हणत्यात नानासोनं लायसनला लागतंय म्हणून कागद टांगलाय. म्हणू देत. त्या वेळी अख्ख्या वर्गात मोलची गणितं तोंडी करणारा मी एकटा हुतो. पोरं गृहपाठ घेऊन माझ्या खोलीवर यायची, औंधपासनं, फलटणपासनं — तुमचे नवीन सर फलटणचेच न्हवं? शिवतेज? दिवाळीनंतर आलेले? ऐकलंय मी. तरुण हाय, लय उड्या मारतोय म्हणं. प्रयोगशाळा कुलूप तोडून उघडली — चावी सापडंना म्हणून. पोरांना म्हणतोय, घरातला, शेतातला एकेक पदार्थ आणा अन् त्याची शुद्धता काढा. बरं हाय. शिकवू दे. आमच्या वेळचे सर पदार्थ फळ्यावरच आणायचे अन् फळ्यावरच संपवायचे.

तर काय आडलंय? गणित चुकतंय? अगं त्यासाठी पावशेर माल कशाला न्यायचा, गणितच दुरुस्त करून देतो की. नको, वही नको, माझा चष्मा घरी राहिलाय. फळ्यावर करू. ते फडकं दे हिकडं — हां — हे भाव पुसतो. कालचेच हाईत. तुला माहीत हाय न्हवं हा फळा? सौद्यातला बेदाण्याचा भाव रोज दुपारी मी हितं लिहितो, दाराच्या खांबाला, रस्त्याकडं तोंड करून. जाणारा-येणारा प्रत्येक जण मान वळवून वाचतोय. बाजारात कोण काय बी सांगू दे, माणूस म्हणतो — नानासोनं लिहिलंय न्हवं, मग खरं. हे धर फडकं, चुकलं तर पुसायला लागंल. अन् खडू? हा हाय.

बोल. पोटॅशियम कार्बोनेट किती घेतलं? तेरा पॉइंट आठ ग्रॅम. — हां! बघ, सर चलाख हाय तुझा. तेरा पॉइंट आठच का? उगीच न्हवं. पोटॅशियम एकोणचाळीस, त्ये दोन, अठ्ठ्याहत्तर. कार्बन बारा, झाले नव्वद. ऑक्सिजन सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. एकशे अडतीस. एक मोल म्हंजे एकशे अडतीस ग्रॅम, तर तेरा पॉइंट आठ म्हंजे मोलचा दहावा हिस्सा. आता वर आम्ल ओतलं — कुठलं, हायड्रोक्लोरिक? बरोबर — फसफसतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो. एका मोलाला एक मोल. त्याचं वजन चव्वेचाळीस, दहावा हिस्सा चार पॉइंट चार. म्हंजे माल शुद्ध असला तर चंबूचं वजन चार पॉइंट चार ग्रॅमनं उतरायला पायजे. कमी उतरलं तर माल कमी शुद्ध. झालं गणित! यात रडायचं काय हाय? तुझं किती उतरलं?

पाच पॉइंट शून्य सहा.

लिही म्हणतीस? लिहितो की. पाच पॉइंट शून्य सहा, भागिले चार पॉइंट चार, गुणिले शंभर. कॅल्क्युलेटर कशाला, तोंडी सांगतो — एकशे पंधरा. एकशे पंधरा टक्के! हा हा — अगं पोरी! शंभर नंबरी सोनं ऐकलं हुतं, हे एकशे पंधरा नंबरी कार्बोनेट! भूपालअण्णाला सांग, नानासोचा माल शुद्धापेक्षा बी शुद्ध हाय, कॉलेजात सिद्ध झालंय. अन् सरांनी काय केलं? लाल फुली. अन् खाली काय लिहिलंय, वाच — ‘शुद्धता शंभराच्या वर जात नाही, पुन्हा करा.’ मग! मारणारच फुली. मी असतो तर मी बी मारली असती.

माल — माझाच हाय न्हवं त्यो? म्हंजे दुकानातला?

शेडमधला. तुमच्या शेडमधला. गेल्या सालचा? उरलेला? अगं गेल्या सालची गोणी अजून ठेवलीय कशाला? टाकून द्यायची. उघडी हुती का शिवलेली? उघडीच. वर्षभर, अख्खा पावसाळा. — अन् कोरडी हाय? भुरभुरीत? बघ! ह्याला म्हणायचं माल. समोरच्याचा माल महिन्यात पाणी सोडतोय, गोणीखाली थारोळं हुतंय, गिऱ्हाईक शिव्या घालतंय. अन् माझा बघ, वर्षभर उघडा राहून पिठासारखा कोरडा. सांग तुझ्या सरांना.

सरांना सांगितलंस? मग काय म्हणालं? — नुसतं हसलं? का हसलं?

बरं, असू दे. चूक शोधू. चूक असणारच, गणितात चूक न्हाई म्हंजे प्रयोगात हाय. मला चूक सापडल्याबिगर जेवण जात न्हाई, साताऱ्याला बी असंच हुतं. एक — आम्ल ओतल्यावर थेंब उडाले असतील. फसफस जोरात हुती, थेंब बाहेर, वजन जादा उतरलं. हे बघ, सुटलं! — चंबूच्या तोंडाला कापूस लावला हुता? अन् कापसासकट वजन केलं? अगं, तू करतीस काय, शाळा का सराफी? बरं. किती येळा केलं? तिन्ही येळा तेवढंच? वजनकाटा बिघडला असंल. — दुसऱ्या पदार्थाला बरोबर दाखवतोय. कुठल्या? सरांनी आणलेल्या कार्बोनेटला. सरांनी कुठनं आणलं? समोरनं! भरतेशकडनं! मला ठाऊक हुतं. मला पहिल्यापासनं ठाऊक हुतं ह्यात त्यो भरतेश असणार. त्याचं किती आलं? — शहाण्णव. बरं, शहाण्णवच म्हंजे मग, पाणी धरलंय मालानं. ओल असली की कमीच येणार, कारण ओलीत गॅस न्हाई. ओल धरून तेरा पॉइंट आठ वजन केलं की खरा माल कमी, गॅस कमी, टक्का कमी. हे तुला कळलं का? जे काय मिसळंल त्यानं टक्का कमीच हुतो.

म्हंजे — कमीच हुतो. ओल, कमी. मीठ मिसळलं, कमी. मिठातनं कसला गॅस. मीठ घालणारा दुकानदार गाढव म्हणायचा, पहिल्या तपासणीतच सापडतो. काय? वाढतो कशानं? वाढत न्हाई. का वाढंल? वाढायचा म्हंजे त्यात असं कायतरी पायजे की जे तेवढ्याच वजनात जादा गॅस देईल. म्हंजे हलकं कार्बोनेट. हां, हा सवाल चांगला हाय, थांब. चुनखडी. कॅल्शियम कार्बोनेट, शंभर. एकशे अडतीसपेक्षा हलकं, जादा गॅस. पर ती पाण्यात विरघळत न्हाई, तुमच्या डिपिंगच्या, द्राक्षं बुडवायच्या टाकीत तळाला पांढरा गाळ बसला असता. बसला हुता? न्हाई. मग चुनखडी न्हवं. पाण्यात विरघळणारं पायजे, पांढरं पायजे, पावसाळ्यात पाणी न सोडणारं पायजे, अन् एकशे अडतीसपेक्षा हलकं. आता हे तर पोरंसोरं बी सांगतील — सोडियम तेवीस, दोन सेहेचाळीस, बारा, अठ्ठेचाळीस, एकशे सहा. स्वस्तातला धुण्याचा सोडा. लिहून दाखवतो बघ — निम्मं हे, निम्मं ते. सहा पॉइंट नऊ भागिले एकशे अडतीस, पॉइंट शून्य पाच. सहा पॉइंट नऊ भागिले एकशे सहा, पॉइंट शून्य सहा पाच. बेरीज पॉइंट एक एक पाच. गुणिले चव्वेचाळीस, चाळीस अकरे चारशे — न्हाई, थांब — पाच पॉइंट —

पाच पॉइंट शून्य सहा.

खडू मोडला.

हे — हे गणित झालं नुसतं. गणित जुळतं म्हणून तसं झालंच असं हाय व्हय? तू सोडा म्हणालीस म्हणून मी सोडा धरला. तूच म्हणालीस न्हवं? — न्हाई? मीच? बरं, मी म्हणालो, उदाहरण म्हणून. अन् निम्मं बी उदाहरण म्हणून. पाव धरता आला असता, पाऊण धरता आला असता, मी सहज निम्मं धरलं. माणूस निम्मंच धरतो पहिल्यांदा. तू अशी बघू नको माझ्याकडं. फुली — ती फुली सरांचीच हाय का? लाल पेन कुणाचाय? दाखव दप्तर. तुला आधीच सगळं ठाऊक हुतं. उत्तर ठाऊक हुतं, सोडा ठाऊक हुता, सरांनी सांगितला असणार, म्हणूनच हसलं ते. अन् तू हितं गणित आडलंय म्हणून स्टुलावर बसलीस. ‘काका, तुमी बी.एस्सी., तुमीच सोडवा’ म्हणं. माझ्याच तोंडनं, माझ्याच खडूनं! कसली पोरं ही आताची. आमी मास्तरासमोर मान वर करत न्हवतो.

अन् ऐक, सोडा काय विष न्हवं. अख्खं जग धुण्याला वापरतंय. साल मऊ करायचं काम त्यो बी करतो, जरा उशिरा करतो एवढंच. चार दिस जादा वाळवायचं, रंग जरा काळवंडतो, माल जरा चिकट राहतो. सगळ्यांचा राहिला न्हाई. हरणाबाईच्या शेडचा बघ, चांगला पिवळा निघाला. तिच्या गोणीत तर मी निम्मं बी — तिच्या गोणीत काय न्हवतंच म्हणतोय मी. आधीचा लॉट हुता. वरनंच तसा येतोय माल, मला काय ठाऊक वर काय करत्यात. मी काय रात्री बसून कालवतोय व्हय?

काय? आईचं काय?

मी कुठं आईला दोष दिला? तुझा बाप गेल्या साली आलता हितं, काळा पडलेला बेदाणा मुठीत घेऊन. काउंटरवर ओतला. माणसाच्या डोळ्यांत पाणी हुतं. मी काय म्हणणार? मी एवढंच विचारलं — अण्णा, घरात टाकीतलं कार्बोनेटचं मिश्रण कोण करतं? म्हणाला, सुंदरी करती, पहिल्यापासनं तीच करती, तिच्या हाताचं माप पक्कं हाय. मी म्हणालो, बघा बरं. बायका घाईत असत्यात, दहा कामं असत्यात, एखादं माप इकडं-तिकडं झालं तर पाण्याचा दोष न्हवं अन् मालाचा बी न्हवं. एवढंच. विचारलं, म्हणालो न्हाई. तेवढ्यावर तुझ्या बापानं बायकोला टाकीजवळ येऊ देऊ नये, त्याला मी काय करू? मजूर लावला मिश्रणाला, भावकीत सांगितलं हिनं माल घालवला म्हणून, हळदी-कुंकवाला बायका टोमणं मारत्यात — ते मला काय ठाऊक.

म्हंजे — ठाऊक हाय. ऐकलं हुतं. गावात काय लपतंय? पर मी काय करायचं हुतं? दुकान फळ्यावर चालतंय माझं. नानासोनं लिहिलं म्हंजे खरं. त्या फळ्यावर मी काय लिहायचं हुतं, की माल माझाच खराब हाय?

हे बघ कस्तुरी. बाळ. तुला बरणीभर माल पायजे न्हवं? देतो. नव्या गोणीतला देतो, सीलबंद, ह्याच्यात एक कण बी — तपासा, शहाण्णव आलं न्हाई तर नाव बदलीन. सरांना दे, नवीन उत्तर लिही, बरोबर येईल, फुली जाईल. अन् अण्णाला सांग, यंदाचा सगळा माल नानासोकाका देतोय, भावाचं बघू नका. आईला बी मिश्रण करू द्या म्हणावं, मीच सांगितलं म्हणून सांग. झालं की मग. सगळं जागच्या जागी. कशाला फाटे फोडायचे? — न्हाई? बरणी कशाला झाकलीस? घे की. गेल्या सालचा जुनाच पायजे? जुना कशाला, जुन्याचं उत्तर तर आलंय तुझ्याकडं.

दे ते फडकं. उन्हं कलली, आजचे भाव लिहायचे हाईत मला. फोन आलाय सौद्यातनं — आला असणार. दे. कस्तुरी, फडकं दे.

दाराशी कोण हाय? हमाल असंल. कोण हाय रं? — वैनी?

वैनी, या की, आत या. किती येळ झाला येऊन? दळण झालं व्हय? डबा ठेवा खाली, जड असंल, हात भरलेत पिठानं. न्हाई न्हाई, ते भाव न्हवंत आजचे. ती पोरीच्या गृहपाठाची गणितं हाईत, मी शिकवत हुतो तिला, कॉलेजचं लय अवघड झालंय हल्ली. ते काय वाचायलागलाय वैनी तुमी, आकडे हाईत नुसते. — व्हय, ‘सोडा’च लिहिलंय. ‘निम्मं’ बी. उदाहरण हाय ते. पोरगी सांगंल तुमाला घरी गेल्यावर — न्हाई, तू गप्प बस, तू काय सांगू नको. ऊठ. आईचा डबा धर. ऊठ की! काय विचारतीस? काय — उत्तर?

उत्तर बरोबर का चूक ते मी सांगायचं? आता? हितं, आईदेखत? तुझे सर हाईत की. त्यांना विचार. मी दुकानदार हाय, मास्तर न्हवं. मी शिकलो ते लय वर्सांपूर्वी, विसरलो. — अशी काय बसून राहतीस गं? वैनी, हिला उठवा. रस्त्यात माणसं थांबाय लागली. त्यो भरतेश बी दारात आला बघा, चष्मा पुसतोय. आज न्हाई त्यो वाचल्याबिगर राहत. ऊठ. पाया पडू का तुझ्या?

बरोबर हाय.

उत्तर बरोबर हाय तुझं. ऐकलं? एकशे पंधराच. गणित बी बरोबर, प्रयोग बी बरोबर, वजन बी बरोबर. अन् वैनी — तुमचं माप — तुमच्या हातचं माप बी बरोबरच हुतं. झालं? आता जावा दोघी. डबा न्या. बरणी न्या. कापूस, चंबू, काय असंल ते न्या. अन् फडकं ठेवून जा. कस्तुरी, फडकं. मी काय हातानं पुसू व्हय, सगळ्यांदेखत?

न्हाई, भाव न्हाई आज. फळा बघू नका. दुकान बंद हाय. जावा म्हणतो न्हवं — बंद हाय दुकान.